बचावलेल्याचा प्रश्न : युर्गन मोल्टमान यांच्या आयुष्यातील पुनरुत्थानाची श्रद्धा

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवला की जीवनाला अर्थ येतो, हे वाक्य आपल्या उपासनांत, अंत्यविधींत आणि ईस्टरच्या संदेशांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की हे नेमके घडते कसे आणि त्याला किती काळ लागतो, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ही चौकशी एका माणसाच्या आयुष्याला धरून करावी, या हेतूने हे प्रकरण निवडले आहे. जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गन मोल्टमान (१९२६–२०२४) हे पुढे विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या प्रॉटेस्टंट विचारवंतांपैकी एक ठरले. परंतु या अभ्यासाच्या केंद्रस्थानी ते प्राध्यापक नाहीत. केंद्रस्थानी आहे सतरा ते बावीस या वयातला एक मुलगा, ज्याच्या घरात श्रद्धेला फारसे स्थान नव्हते, ज्याचे शहर त्याच्या डोळ्यांदेखत जळाले, ज्याचा सोबती त्याच्या शेजारी उभा असताना मारला गेला आणि ज्याने त्यानंतरचा तीन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी म्हणून परक्या देशांत काढली.

हे प्रकरण अभ्यासाला योग्य वाटण्याचे कारण असे की मोल्टमान यांनी आपल्या तारुण्यातील या घटनांविषयी वेळोवेळी स्वतः लिहिले आहे आणि त्यांना अठ्ठ्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभल्यामुळे त्या वयात रुजलेल्या श्रद्धेचे पुढे काय झाले, हेही आपल्याला पाहता येते. तरुणपणी दिलेली साक्ष आणि उतारवयात तिच्यातले काय टिकले, या दोन्ही गोष्टी एकत्र क्वचितच हाती लागतात.

घर

युर्गनचा जन्म ८ एप्रिल १९२६ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील शिक्षक होते आणि आजोबा फ्रीमेसन या बंधुभाव मानणाऱ्या, चर्चबाहेरच्या संघटनेत मोठ्या पदावर होते. शिक्षण, वाचन, जर्मन साहित्य आणि तत्त्वज्ञान यांना घरात मान होता. चर्चला जाणे मात्र त्या घराच्या दिनक्रमात बसत नव्हते. मुलाला गणित आणि भौतिकशास्त्र शिकायचे होते, आणि आइन्स्टाइन व माक्स प्लांक हे त्याचे आदर्श होते. सैन्यात जाताना त्याने बरोबर नेली ती जर्मन कवी गटेच्या कवितांची आणि तत्त्वज्ञ नीत्शेची पुस्तके. बालपणी पेरलेली आणि संकटात उगवलेली श्रद्धा असे या प्रकरणाचे वर्णन करता येणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. जे काही झाले ते जवळजवळ कोऱ्या जमिनीवर झाले.

जुलै १९४३

१९४३ च्या फेब्रुवारीत त्याच्या वर्गातील मुलांना हवाई दलाचे साहाय्यक म्हणून भरती करण्यात आले आणि हॅम्बुर्गच्या मध्यभागी असलेल्या आल्स्टर सरोवराच्या काठावरील विमानविरोधी तोफांच्या तळावर त्याची नेमणूक झाली. त्या वर्षी २४ जुलैपासून ३ ऑगस्टपर्यंत ब्रिटिश विमानांनी रात्री आणि अमेरिकन विमानांनी दिवसा हॅम्बुर्गवर बॉम्बफेक केली. या मोहिमेला ब्रिटिशांनी ‘ऑपरेशन गमोरा’ असे नाव दिले होते; बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात आकाशातून पडलेल्या अग्नीने भस्म झालेल्या नगरांपैकी एकाचे ते नाव. २७ जुलैच्या रात्री शहराच्या पूर्व भागात आगीचे असे वादळ उठले की तळघरांत आश्रय घेतलेली माणसे गुदमरून आणि होरपळून मेली. एकंदर मृतांची संख्या ३५ ते ४० हजारांच्या घरात मानली जाते.

त्या दिवसांतील एका हल्ल्यात एक बॉम्ब थेट तळावर पडला. युर्गन आणि त्याच्याच वयाचा एक शाळासोबती नेम साधण्याच्या यंत्रापाशी शेजारी शेजारी उभे होते. सोबत्याच्या देहाच्या चिंधड्या झाल्या. युर्गनला जवळजवळ काहीही लागले नाही. त्या रात्री आपण आयुष्यात प्रथमच देवाला हाक मारली, असे मोल्टमान यांनी पुढे अनेकदा लिहिले. ती हाक ‘देवा, मला वाचव’ अशी नव्हती. वाचणे तर घडून गेले होते. ‘देवा, तू कुठे आहेस?’ अशी ती होती, आणि तिच्या मागोमाग आलेला प्रश्न असा होता की मी जिवंत का आहे, इतरांसारखा मेलो का नाही?

या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण पुढचे सारे प्रकरण त्यावर उभे आहे. दुःखात सापडलेला माणूस ‘हे माझ्यावर का आले?’ असे विचारतो आणि आपली पाळकीय सेवा बहुतांशी याच प्रश्नाला उत्तर देण्यासाठी सज्ज असते. बचावलेल्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. जे त्याच्यावर आले नाही, त्याविषयी तो विचारतो. त्याचे जगणे त्याला देणगी वाटत नाही, हिशेबातली चूक वाटते, आणि ती चूक दुरुस्त करणे त्याच्या हाती नसते. त्याला कोणी ‘देवाने तुला वाचवले’ असे सांगितले, तर त्याच वाक्यातून ‘मग त्याला का वाचवले नाही?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या बचावाबद्दल आभार मानणे हे त्याला मृत मित्राशी केलेल्या बेइमानीसारखे वाटू लागते. अशा माणसाला अर्थ हवा असतो. पण मित्राच्या मरणाची किंमत देऊन मिळालेला अर्थ त्याला नको असतो.

छावण्या

पुढे त्याला सैन्यात घेऊन पश्चिम आघाडीवर पाठवण्यात आले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत, समोर आलेल्या पहिल्याच ब्रिटिश सैनिकापुढे त्याने शरणागती पत्करली. कैदेतील पहिला मुक्काम बेल्जियममधील झेडेलगेम येथे होता. तेथे आजूबाजूचे लोक आतून कसे कोसळत गेले, आशा सोडल्यामुळे कसे आजारी पडले आणि त्यांतले काही कसे मेले, हे त्याने पाहिले. आपणही त्याच वाटेवर होतो, असे त्याने पुढे नमूद केले आहे. पाठ असलेल्या कविता तेथे मुक्या झाल्या. ज्या संस्कृतीचा घरात अभिमान होता, ती त्या बराकीत माणसाला उभे करू शकली नाही.

या काळातील एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात धर्माचा शब्दही नाही. १९४५ च्या मे महिन्यात इतर कैद्यांबरोबर गाडा ढकलत जात असताना तो अचानक फुलांनी डवरलेल्या चेरीच्या झाडासमोर आला. ते पाहून त्याला जवळजवळ भोवळ आली, आणि कितीतरी महिन्यांनंतर जगण्याविषयीची पहिली ओढ त्याला आपल्या ठायी जाणवली. बायबल हाती येण्याच्या आधी हे घडले. शरीराने जगण्याला दिलेला हा होकार ख्रिस्ती श्रद्धेच्या बाहेरचा आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. पुनरुत्थानाचा संदेश देहाविषयीचा आहे, आणि देहात जगण्याची इच्छा पुन्हा जागी होणे ही त्या संदेशाची पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

बेल्जियममधून त्याला स्कॉटलंडमधील किलमार्नक येथील छावणीत नेण्यात आले. तेथे दोन परस्परविरोधी अनुभव एकाच वेळी त्याच्या वाट्याला आले. १९४५ च्या शरद ऋतूच्या सुमारास बेर्गेन-बेल्सेन आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांची छायाचित्रे कैद्यांना दिसतील अशी लावण्यात आली. सुरुवातीला काहींनी तो शत्रूचा प्रचार मानला, पण हळूहळू सत्य आत उतरले. आपण ज्यासाठी लढलो ते हे होते, आपल्याच लोकांनी हे केले, आणि त्या मृतांच्या नजरेतून पाहिले तर आपण कोण आहोत, या जाणिवेने त्याच्या मूळ प्रश्नाला आणखी जड केले. तोवर तो केवळ बचावलेला होता. आता तो गुन्हेगार राष्ट्राचा बचावलेला नागरिक होता. दुसरा अनुभव त्या परिसरातील स्कॉटिश लोकांचा. रस्त्याच्या कामावर आणि खाणीत राबणाऱ्या या कैद्यांना तेथील कामगार आणि त्यांच्या कुटुंबांनी दोष न देता माणसासारखे वागवले, आणि त्या आदरातिथ्याची मोल्टमान यांना अखेरपर्यंत आठवण राहिली. ज्या लोकांच्या गावांवर जर्मन बॉम्ब पडले होते, त्यांनी जर्मन मुलांना घरात बसवून घ्यावे, ही गोष्ट त्यांना लज्जित करणारी आणि सावरणारीही होती.

स्तोत्र ३९ आणि मार्क

छावणीत एका लष्करी पाद्र्याने कैद्यांना बायबलच्या प्रती वाटल्या. त्यापेक्षा सिगारेटी मिळाल्या असत्या तर बरे, असे काहींना वाटले, अशी आठवण मोल्टमान सांगत. युर्गन रात्री ते पुस्तक विशेष समजून न घेता वाचू लागला आणि विलापाच्या स्तोत्रांपाशी अडखळला. त्यांतले ३९ वे स्तोत्र त्याच्या मनात रुतले. त्या स्तोत्राचा कर्ता गप्प राहिला आहे, गप्प राहून त्याचे दुःख वाढले आहे, आपले आयुष्य वीतभर असल्याचे तो म्हणतो आणि आपल्या पूर्वजांप्रमाणे आपण देवाजवळ परके व उपरे आहोत, असे सांगतो. विलापाची बहुतेक स्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात. हे स्तोत्र वळत नाही. मी नाहीसा होण्यापूर्वी माझ्यावरची नजर जरा काढून घे, म्हणजे मला थोडे हायसे वाटेल, एवढ्या विनवणीवर ते थांबते. छावणीतल्या मुलाला हेच शब्द आपले वाटले, याचा अर्थ त्याला सांत्वनाआधी साक्षीदार हवा होता. देवाच्या ग्रंथात देवाविरुद्धची तक्रार जपून ठेवलेली आहे, हा शोध त्याच्यासाठी पहिला टप्पा होता.

नंतर त्याने मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घेतले. दुःखसहनाच्या कथेत तो येशूच्या मरतेवेळच्या आरोळीपाशी आला: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” त्या क्षणी त्याला खात्रीने वाटले की आपल्याला पूर्णपणे समजून घेणारा कोणी असेल तर तो हाच आहे. हॅम्बुर्गमधील रात्री त्याने स्वतः जे विचारले होते, तेच वधस्तंभावरून विचारले गेले होते. मोल्टमान यांनी त्याचे वर्णन असे केले आहे की त्या टाकून दिलेल्या ख्रिस्ताला आपण समजू लागलो, कारण त्यानेच आपल्याला समजून घेतले होते. आणि ख्रिस्ताचा शोध आपण लावला, असे म्हणण्याचे धाडस त्यांनी कधी केले नाही. आपण हरवलो होतो आणि त्याने आपल्याला शोधून काढले, असेच ते सांगत.

या ठिकाणी अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे घडले तेव्हा युर्गनपाशी पुनरुत्थानाविषयी कोणताही सिद्धान्त नव्हता, आणि ज्या शुभवर्तमानातून हे घडले ते चारांपैकी पुनरुत्थानाविषयी सर्वांत कमी बोलणारे आहे. मार्कच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांमध्ये मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतो: रिकाम्या कबरेपासून स्त्रिया थरथरत पळून गेल्या आणि भीतीमुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत. विजयघोष नाही, भेट नाही. ‘तो उठला आहे, तो येथे नाही, तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे’ एवढीच बातमी आहे, आणि ती ऐकणारे भयभीत आहेत. ज्याच्या सोबत्याचे दफन करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, अशा मुलाला हाच मजकूर पेलवण्यासारखा होता, असे मला वाटते.

नॉर्टन आणि स्वॉनविक

१९४६ मध्ये त्याला इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमधील नॉर्टन कॅम्प येथे जाण्याची संधी मिळाली. ब्रिटिश लष्कराच्या परवानगीने वायएमसीए ही ख्रिस्ती युवक संघटना चालवत असलेल्या या छावणीत जर्मन कैद्यांमधून भावी शिक्षक आणि पाळक घडवण्यासाठी रीतसर शिक्षणाची सोय होती. गणिताचे स्वप्न बाळगणाऱ्या मुलाने तेथे ईश्वरविज्ञान शिकायला सुरुवात केली. कैदेची ती वर्षे पुढे त्याला जीवनातील श्रीमंत वर्षे वाटली.

१९४७ च्या उन्हाळ्यात डर्बीशायरमधील स्वॉनविक येथे स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तीत कैद्यांच्या एका गटाला बोलावण्यात आले. ते गणवेशातच, धास्तावलेल्या मनाने गेले. तेथे नेदरलँड्सहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने त्यांना अधिकृतपणे भेटण्याची इच्छा व्यक्त केली. त्या विद्यार्थ्यांनी गेस्टापो या नाझी गुप्त पोलीस दलाच्या दहशतीविषयी, गमावलेल्या ज्यू मित्रांविषयी आणि उद्ध्वस्त घरांविषयी सांगितले. काहीही झाकले नाही. मग ते म्हणाले की ख्रिस्त हा असा पूल आहे ज्यावरून आम्ही तुमच्याकडे येऊ शकलो, त्याच्याशिवाय एकाही जर्मनाशी बोलणे आम्हाला शक्य झाले नसते. जर्मन कैदीही आपला अपराध कबूल करून समेट मागू शकले, आणि मोल्टमान यांनी त्या भेटीला आपल्या मुक्तीची घटका म्हटले.

१९४८ च्या एप्रिलमध्ये युर्गन मायदेशी परतला. ग्योटिंगेन येथे शिक्षण, १९५२ मध्ये एलिझाबेथ वेंडेल यांच्याशी विवाह, ब्रेमेनजवळच्या एका ग्रामीण मंडळीत पाळक म्हणून पाच वर्षे, नंतर वुप्पर्टाल, बॉन आणि १९६७ पासून ट्युबिंगेन येथे अध्यापन, असा पुढचा क्रम आहे.

सोबत पुरेशी का नाही

ही हकिगत येथवर ऐकणारा सहज म्हणेल की त्या मुलाला सहदुःखी मिळाला आणि त्यात त्याला आधार सापडला; पुनरुत्थानाची गरज कुठे पडली? हा प्रश्न रास्त आहे आणि मोल्टमान यांचे पुढचे सारे कार्य त्याच्या उत्तरासाठी खर्ची पडले, असे म्हणता येईल. दुःखात सोबत मिळणे मोठे खरे, पण पुरात वाहून जाणाऱ्याला त्याच पुरात वाहून जाणारा दुसरा भेटला, तर एकटेपणा सरतो आणि पूर तसाच राहतो. येशूची आरोळी ही शेवटची गोष्ट असती, तर देवाने टाकून दिलेल्यांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली असती. ज्याने ‘तू माझा त्याग का केलास’ असे विचारले त्यालाच देवाने मेलेल्यांतून उठवले, हे विधान जोडले गेल्यावर मात्र त्या आरोळीचा आशय बदलतो. टाकून दिले जाणे हे देवाचे अखेरचे म्हणणे नाही, हे उघड होते. उठलेला ख्रिस्त थोमाला हातांवरचे व्रण दाखवतो. म्हणजे भोगलेले पुसले गेलेले नाही, तरी भोगलेल्याचा अंत झालेला नाही.

१९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थिऑलॉजी ऑफ होप’ या ग्रंथात मोल्टमान यांनी ही बाजू मांडली. ज्यू वंशाचे मार्क्सवादी तत्त्वज्ञ अर्न्स्ट ब्लॉख यांचा आशेवरील विशाल ग्रंथ त्यांनी १९६० मध्ये वाचला होता, आणि ख्रिस्ती मंडळीने स्वतःचाच हा विषय हातचा कसा जाऊ दिला, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांचे उत्तर असे की पुनरुत्थान ही इतिहासात मागे पडलेली नवलाची घटना नसून देवाने दिलेले वचन आहे आणि ते जगाच्या सद्यःस्थितीच्या विरोधात उभे आहे. म्हणून ख्रिस्तावर आशा ठेवणारा मनुष्य वास्तवाला शरण जाऊ शकत नाही. तो त्यामुळे अस्वस्थ होतो आणि त्याला विरोध करू लागतो. १९७२ मधील ‘द क्रुसिफाइड गॉड’ या ग्रंथात त्यांनी याच गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे वधस्तंभावर देव स्वतः काय सोसतो, हे मांडले. अनेकजण या दोनपैकी एकच ग्रंथ हाती घेतात आणि आशावादी किंवा दुःखवादी मोल्टमान घेऊन परततात. छावणीतली ती रात्र समजून घेतली तर दोन्ही ग्रंथ एकाच वाचनातून निघाले आहेत, हे ध्यानात येते.

जीवनाचा अर्थ या आपल्या विषयाच्या दृष्टीने पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय येथे वाचावा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौल त्या अध्यायात म्हणतो. शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल, असेही म्हणतो. आणि पुनरुत्थानाविषयीचे हे दीर्घ विवेचन तो संपवतो ते स्वर्गाच्या वर्णनाने नव्हे. प्रभूच्या कामात तत्पर राहा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, हे त्याचे शेवटचे वाक्य आहे. पुनरुत्थानातून निघणारा अर्थ पौलाच्या मते आजच्या श्रमांना चिकटलेला आहे. ‘मी जिवंत का आहे?’ या प्रश्नाला युर्गनला कारण सापडले नाही, आणि त्याने कधी ते सापडल्याचा दावाही केला नाही. त्याला जगण्यासाठी काम सापडले, आणि ते काम मृत्यूच्या हातून वाया जाणार नाही, अशी हमी सापडली.

आक्षेप

या प्रकरणावर घेता येण्यासारखा सर्वांत सबळ आक्षेप मानसशास्त्रीय आहे. अपराधी भावनेने खचलेल्या, उपाशी, वीस वर्षांच्या मुलाला अर्थाची निकड होती, आणि हाती आलेल्या पहिल्या पुस्तकात त्याला तो सापडला. पुस्तक दुसरे असते तर अर्थही दुसरा असता. यातील एक भाग मान्य करायला हवा. हे प्रकरण ख्रिस्त खरोखर उठला, हे सिद्ध करत नाही, आणि तसे सिद्ध करण्यासाठी कोणी त्याचा वापर केला तर तो चुकीचा ठरेल; त्या प्रश्नाचा विचार पहिल्या साक्षीदारांच्या साक्षीवर वेगळा करावा लागतो. परंतु हाती आलेले पहिले पुस्तक हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच्याकडे आधीच दोन पुस्तके होती आणि ती थोर लेखकांची होती. शिवाय निकड भागवण्यासाठी स्वीकारलेली समजूत निकड सरल्यावर बहुधा गळून पडते. ही श्रद्धा त्यानंतर पाऊणशे वर्षे, नोकरी, मान, वादविवाद आणि वार्धक्य यांतून टिकली.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. त्याच छावणीत तेच बायबल शेकडो हातांत पडले आणि प्रत्येकाला ख्रिस्त भेटला नाही. यावर माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच दिसते की युर्गनच्या बाबतीत वचन एकटे आले नाही. किलमार्नकची घरे आणि स्वॉनविकचे डच विद्यार्थी त्याच्याबरोबर आले. पुनरुत्थानाविषयी वाचणे आणि ज्यांना आपला द्वेष करण्याचा पूर्ण अधिकार आहे अशांनी आपल्यासमोर येऊन बसणे, या दोन गोष्टी त्याला जवळजवळ एकाच काळात मिळाल्या. पहिली मिळून दुसरी न मिळालेले लोक त्या छावण्यांत बहुसंख्य असतील, आणि त्यांच्या अश्रद्धेचा दोष त्यांच्यावर टाकण्याचे धाडस मी करणार नाही.

मृतांचे काय

आता या प्रकरणाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. अर्थ ही जिवंत माणसांनी शोधण्याची गोष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. बचावलेला माणूस मृत मित्राच्या आठवणीने चांगले आयुष्य जगला, उपयोगी झाला, लोकांच्या कामी आला, की मित्राचे मरण सार्थकी लागले, असेही आपण म्हणतो. हे म्हणणे नीट तपासून पाहावे. त्यात मित्राला काय मिळाले? जगण्याचा अर्थ जर कार्यात, कर्तृत्वात किंवा परिपक्वतेत असेल, तर कोवळ्या वयात नेम साधण्याच्या यंत्रापाशी मेलेल्या मुलाचे आयुष्य अर्थाच्या बाहेर पडते. बचावलेल्याची कहाणी मग कितीही उदात्त असो, मृत सोबती त्या कहाणीतले साधन होऊन राहतो. हॅम्बुर्गच्या रात्रीतील मुलाला नको होता तो नेमका हाच अर्थ.

मोल्टमान यांनी हा मुद्दा सोडला नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कमिंग ऑफ गॉड’ या ग्रंथात अंतिम गोष्टींविषयी लिहिताना त्यांनी अर्धवट तुटलेल्या आयुष्यांचा प्रश्न उघडपणे मांडला: जन्मतःच मेलेली मुले, बालपणी अपघातात गेलेली मुले, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राला ओरखडाही न उमटता बॉम्बने फाडलेला किशोर. त्यांच्या मरणाने सारे संपले असे मानणे म्हणजे जग निरर्थकतेच्या हवाली करणे होय, असे त्यांचे म्हणणे. देवाने ज्या जीवनाला आरंभ केला ते तो पूर्ण करील, आणि ज्यांना येथे जगायला मिळाले नाही त्यांना वाढण्यासाठी, बरे होण्यासाठी अवकाश देईल, अशी आशा त्यांनी तेथे व्यक्त केली. पुस्तकात नाव नाही. पण एकोणसत्तर वर्षांचा प्राध्यापक तेथे कोणाविषयी लिहीत आहे, हे वाचकाला कळते.

पुनरुत्थानाची श्रद्धा आणि जीवनाला अर्थ देणाऱ्या इतर थोर विचारांत मला फरक दिसतो तो येथेच. समाजासाठी झिजणे, कर्तव्य करणे, पुढच्या पिढीसाठी चांगले जग ठेवून जाणे, या सर्वांत खरा अर्थ आहे आणि ख्रिस्ती मनुष्याने त्यांना कमी लेखू नये. परंतु पुढच्या पिढीसाठी घडवलेल्या जगात मागच्या पिढीतील मारले गेलेले परत येत नाहीत. न्यायाची आशा मृतांपर्यंत पोचत नसेल, तर बेल्सेनमधील मृतांना न्याय मिळण्याची शक्यताच उरत नाही. त्यांना स्मारक तेवढे मिळते. मृतांना उठवणाऱ्या देवावरच्या विश्वासात बळी गेलेल्यांची बाजू ऐकून घेतली जाण्याची आणि गुन्हेगारांनाही त्या बळींच्या समोर उभे राहावे लागण्याची शक्यता राखलेली आहे.

पुढील आयुष्यातील पडताळा

१६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वादोरच्या राजधानीतील विद्यापीठात सैनिकांनी सहा जेझुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची तरुण मुलगी यांची हत्या केली. गरिबांची बाजू घेणाऱ्या त्या धर्मगुरूंपैकी एकाच्या रक्ताने माखलेल्या पुस्तकांत ‘द क्रुसिफाइड गॉड’ची स्पॅनिश प्रत होती. मोल्टमान पुढे त्या ठिकाणी जाऊन आले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मृत्युदंड सुनावलेल्या आणि तुरुंगात ईश्वरविज्ञान शिकलेल्या एका स्त्रीशी त्यांनी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि २०११ मध्ये ते तिला प्रत्यक्ष भेटले. कैदी असताना ज्याला ख्रिस्त भेटला, त्याने एका कैद्याकडे जावे, यात मला त्याच आरंभीच्या गोष्टीचा विस्तार दिसतो. २०१५ मध्ये त्या स्त्रीला देहान्त शिक्षा देण्यात आली. आशेने तिला वाचवले नाही, आणि तसे वचन मोल्टमान यांनी तिला कधी दिलेले नव्हते.

२०१६ मध्ये चौसष्ट वर्षांच्या सहजीवनानंतर एलिझाबेथ वारल्या. त्यानंतर नव्वदी ओलांडलेल्या मोल्टमान यांनी मृत्यू आणि सार्वकालिक जीवनात जागे होणे यांविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. ३ जून २०२४ रोजी ट्युबिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या मंडळ्यांत अवेळी मृत्यू आला की आपण शोकाकुल घरात जाऊन ‘देवाची इच्छा होती’ असे म्हणतो आणि अंत्यविधीत थेट रिकाम्या कबरेचा अध्याय वाचतो. हे प्रेमापोटी होते, याविषयी मला शंका नाही. पण या प्रकरणात क्रम वेगळा होता: आधी ३९ वे स्तोत्र, नंतर वधस्तंभावरील आरोळी, त्याच काळात दार उघडणारी माणसे, आणि मग पुष्कळ सावकाश पुनरुत्थान. ज्या घरातून नुकताच कोणी तरुण मुलगा गेला आहे, तेथे जाणाऱ्या पाळकाने पहिल्या भेटीत एकच गोष्ट वाचायची असेल, तर ती विलापाची असावी, आणि त्या घरातील भाऊ किंवा मित्र जर अपघातातून वाचलेला असेल, तर त्याच्याशी स्वतंत्र बोलावे, आणि मेलेल्या मुलाचे नाव न टाळता बोलावे.